शंभर जणांची यादी

आमच्या पाड्यावर सगळ्यांकडे बटणाचेच फोन. माझ्या लेकीला झटके येतात, तेव्हा मी त्यावरूनच नर्सबाईंना बोलावते.

ग्रामसभेत फोन कंपनीचे साहेब म्हणाले, "बटणाच्या फोनचं जुनं नेटवर्क उद्यापासून बंद. ते इथे कोणी वापरतच नाही."

थोरल्या जाऊबाई उठल्या. "साहेब, बंद होणार हे लोकांना कळवलंत?"

"कळवलं की. शंभर जणांच्या बटणाच्या फोनवर मेसेज पोचलाय. ही यादी."

"मग नावं वाचा. न वापरणारे कोण ते आम्हालाही कळू द्या."

साहेब तोऱ्यात वाचू लागले. एकेक जण फोन उंच धरून "हजर" म्हणू लागला. माझं नाव आलं, तशी मीही लेकीला कडेवर घेऊन उठले.

विसाव्या नावाला साहेबांनी यादी मिटली. सगळ्यांना नवे फोन मिळेपर्यंत जुनं नेटवर्क चालू राहील, असं ग्रामसभेच्या वहीत लिहून दिलं. जाऊबाईंनी खाली तारीखही घालून घेतली.