पिवळ्या पानातले मणी

एका राज्यात, जिथे डोंगर ओलांडून खारा वारा येई, राजाचा प्राण एका झाडात होता. एका मांत्रिकाचा शाप होता : झाडाचे मूळ वाळेल तसतसा राजा पाषाण होईल. राजा चित्ररथ कमरेपर्यंत दगड झालाच होता.

राजवाड्याची रीत होती, या राजवृक्षावर पिवळे पान दिसता कामा नये. म्हणून वृद्ध प्रधान सोमदत्त रोज सकाळी चांदीच्या कात्रीने पिवळी पाने छाटत.

"सात पिढ्यांची रीत आहे, राजकन्ये," ते म्हणत.

"आणि सात पिढ्यांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, पान पिवळं का पडतं?" राजकन्या रेणुमती म्हणाली.

झाडाच्या ढोलीतल्या तांबट पक्ष्याने ते ऐकले. त्याने तिच्या डोळ्यांत जादूचे अंजन घातले. तिला पानाच्या आतले दिसू लागले. पिवळे पान आपल्या अंगातल्या मण्यांच्या माळा तोडत होते आणि सुटे मणी देठातून मुळाकडे धाडत होते.

"मणी बसतात तिथलं पाणी हटत नाही," तांबट म्हणाला. "तीन वारे येतील. तिन्ही सरेपर्यंत एकही पान तोडू देऊ नकोस."

रेणुमतीने कात्री विहिरीत टाकली आणि ती बुंध्याशी बसली.

पहिला वारा तापलेला. मणी मुळांत उतरले, मुळांनी ओल धरली. दुसरा खारा. मीठ मुळांच्या दाराशी आले. आत मणी दाटीने बसले होते, मिठाला पाणी ओढता येईना. तिसरा हिमाचा. मुळांची टोके गोठून वाळली, मणी बसले होते तिथली ओल तेवढी गोठली नाही. झाड आपादमस्तक पिवळे झाले, झाडाशेजारी बसवलेला राजा गळ्यापर्यंत दगड.

प्रधान हात उगारून पानांकडे धावले. "बापाचा जीव घेशील, पोरी."

"जीव माझ्याच बापाचा आहे, प्रधानजी. भीती मलाही वाटते. हात खाली घ्या."

"बसा, प्रधानजी," राजा हळूच म्हणाला. "ती ऐकायची नाही. माझ्यावर गेली आहे."

प्रधान बसले. वारा पडला. पिवळी पाने आपसूक गळली. उरलेले मणी मुळांनीच खाल्ले, आणि त्या बळावर फांदीफांदीला तांबूस पालवी फुटली. राजाच्या अंगावरचा दगड खपल्यांनी गळाला. शाप सरला. राजा चालत सिंहासनाकडे गेला, दरबार भरला.

झाडाखाली मागे राहिलेल्या प्रधानांनी एक गळलेले पान तळहातावर घेतले. त्याला वजनच नव्हते.

"रिकामं आहे," ते म्हणाले.

"हो," रेणुमती म्हणाली. "आता खुशाल झाडून काढा."