उणे एक

“पण यादीतलं काहीच निवडलं नाही, तर प्रोग्राम पुढे जाणार कसा, मॅडम?” विराज कणसेने विचारलं.

मिरजेच्या मुजावर मॅडमकडे तो जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकला होता. वर्गात सगळ्यात हुशार तोच, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

महिलांच्या एका आधारगृहासाठी त्याने नोंदणीचा प्रोग्राम लिहिला होता. ‘कोणाला कळवायचं?’ या प्रश्नाखाली यादी होती : पती, आई, भाऊ, मैत्रीण. काहीही न निवडता कोणी पुढे गेलं, की जावाकडून ‘काहीच निवडलेलं नाही’ या अर्थाचा उणे एक हा आकडा यायचा आणि प्रोग्राम बंद पडायचा. विराजने एका ओळीत तोड काढली. यादी उघडतानाच पहिला पर्याय आपोआप निवडलेला असेल.

त्यानंतर प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही.

गेल्या आठवड्यात तिथे एक बाई आली. नाव, गाव सांगितलं; या प्रश्नावर मात्र ती बोललीच नाही. कारकून बाईंनी यादीला हात न लावता पुढचं भरलं. ‘पती’ निवडलेलंच राहिलं आणि पत्र घरच्या पत्त्यावर गेलं. चौथ्या दिवशी ते हातात घेऊन तिचा नवरा फाटकाशी उभा.

फाटक कोणी उघडलं नाही. पण त्याच दुपारी तिला दुसऱ्या गावी हलवावं लागलं.

विराजच्या मते चूक कारकून बाईंची होती. प्रोग्राम तर नीट चालला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग एक कोरा कागद ओढून त्यावर त्याचं नाव लिहिलं.

“त्या बाईची माफी मागशील?”

विराज गप्प…

मॅडमनी नावापुढे काहीतरी लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. तिथे ‘नाही’ असं होतं.

“मी कुठे नाही म्हणालो?”

मॅडमनी ‘नाही’ खोडलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि त्याच्याकडे बघत बसून राहिल्या…

बऱ्याच वेळाने विराजने लॅपटॉप उघडला, ती एक ओळ शोधली आणि पुसली.

“उणे एक आल्यावर प्रोग्रामने काय करायचं, मॅडम?”

“थांबायचं.”

“किती वेळ?”

“ती बाई किती वेळ गप्प बसली होती, ते विचारलंस का?”