टुकटुकनंतरची जागा

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानातले पक्षी आपापला सूर घरच्या भांड्यासारखा नाव घालून जपायचे. त्या रानात एक कोतवाल पक्षी होता. बुलबुलाची शीळ, दयाळाची लकेर आणि तांबटाचं टुकटुक एकत्र गुंफून तो गायचा, आणि रोज सकाळी त्याच्या झाडाखाली सशांपासून सांबरांपर्यंत सगळे जमायचे.

तांबटाला ते खपेना. "माझ्याकडे एकच सूर आहे, पण घरचा आहे," तो म्हणाला. "याचं सगळं उसनं. ज्याचं त्याला परत कर आणि मग गाऊन दाखव. नाही जमलं, तर रान सोड."

कोतवाल खजील झाला. तक्रार काही खोटी नव्हती. त्याने ज्याचे सूर त्याला देऊन टाकले आणि फांदीवर गप्प बसून राहिला.

खाली मंडळी खोळंबली होती. "त्यात काय एवढं," म्हणत तिघांनीच ते गाणं गायला घेतलं. शीळ झाली, लकेर झाली, टुकटुकही झालं, पण गाणं काही होईना. ससे उठून जाऊ लागले.

तांबट लगबगीने कोतवालाजवळ आला. "माझ्या टुकटुकनंतर तू जरासा थांबायचास, ती जागा कुठे आहे?"

"ती तुमची नव्हती, तांबटदादा, म्हणून दिली नाही," कोतवाल म्हणाला. "लहानपणी तुमचं टुकटुक पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी खाता खाता थांबलो होतो. तेवढीच ती जागा."

तांबट त्याच्या शेजारी फांदीवर टेकला. मग म्हणाला, "हे घे टुकटुक. आणि थांबशील तेव्हा घाई करू नकोस."