आपोआप सरणारा पडदा

“मग बटन दाबलं का जाईना?” रावजीबुवांनी विचारलं.

सलील मायदेवला बरं वाटलं. पुण्याहून गाडी हाकत तो या डोंगरातल्या मठात तिसऱ्यांदा आला होता, आणि तिसऱ्या खेपेला का होईना, बुवांनी त्याच्या कामाची चौकशी केली होती.

“पडदा आडवा येत होता म्हणून,” तो म्हणाला.

मग त्याने फोन पुढे धरून सगळं समजावलं. त्याने केलेलं अ‍ॅप फोनच्या स्क्रीनवर एक फिकट पिवळा पडदा पसरतं, म्हणजे उजेड डोळ्यांना टोचत नाही. लोकांना ते आवडलं. पण घोडं एका जागी पेंड खात होतं. हा पडदा असताना फोनमध्ये दुसरं एखादं नवं अ‍ॅप घ्यायला गेलं, की इन्स्टॉलचं बटण काही केल्या दाबलं जात नसे. लोक दाबून दाबून थकत आणि मग सलीलला शिव्यांची लाखोली वाहत.

बुवा सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते.

“फोन बिघडला व्हता?”

“नाही बुवा. फोनची ती शिस्तच आहे. काही नवं आत घ्यायचं तर माणसाने धड बघून हो म्हणायला हवं. वर कसलाही पडदा असला, अगदी विरळ, तरी फोन ते ‘हो’ धरत नाही.”

“शाना हाय,” बुवा म्हणाले. फोनबद्दलच म्हणाले असावेत.

या एका अडचणीपायी सलीलचे सहा महिने गेले होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. लोकांचे डोळे वाचवता वाचवता स्वतःच्या डोळ्यांची पार वाट लागली होती, पण ते त्याला सांगणार कोण. काम फत्ते झालं होतं एवढं मात्र खरं, आणि तेवढाच काय तो अभिमान त्याच्याजवळ उरला होता.

“आता नवं काही घ्यायची वेळ आली की पडदा स्वतःच बाजूला होतो. घेऊन झालं की परत येतो. माणसाला काही करावं लागत नाही.”

“आपोआप?”

“आपोआप.”

बुवांनी चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले...

त्या सहा महिन्यांतलीच गोष्ट. एका रविवारी दुपारी सलीलची बायको केतकी दारात उभी राहून म्हणाली होती, “मी जाऊ?” सलील स्क्रीनकडे बघत “हो, हो” म्हणाला. भाजीला निघाली असेल असं त्याला वाटलं. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा तिच्या बाजूचा कप्पा रिकामा होता.

त्याला आता चार महिने झाले होते. ती माहेरी होती. त्याने दोनदा फोन केला, तर ती रागावली नाही की रडली नाही, नीट बोलली. त्याचंच त्याला जास्त लागलं. सोसायटीत कोणी विचारलं तर तो सांगे, तिच्या आईला बरं नसतं ना, म्हणून गेली आहे. हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते त्याच्या तोंडून सहज निघे.

झोप मात्र त्या दिवसापासून उडाली ती उडालीच. ऑफिसातल्या एकाला या मठाची माळ मिळाली होती आणि तो म्हणे डोकं टेकलं की घोरायला लागे. सलीलला दुसरं काही नको होतं. ती माळ गळ्यात पडावी आणि एकदाचं झोपावं, एवढंच. पण दोन्ही खेपांना बुवांनी “फुडच्या येळंला बघू” म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

आज बुवा उठले. धोतरावरची टरफलं झटकली आणि खुंटीवरची माळ काढली.

“ये. बस म्होरं.”

सलील मांडी घालून बसला.

माळ घालण्याआधी बुवा समोरच्याला घरची खुशाली विचारत, आणि माळ त्याच्या डोक्यावर धरूनच विचारत. ती मठाची जुनी रीत होती. सलीलला ती गावाकडची चौकशी वाटली, चहाबरोबर होते तशी.

“घरी कसं हाय?”

“बरं आहे.”

माळ वरच राहिली.

“मंडळी?”

“मजेत.”

...

“झोप लागती?”

“लागते की.”

तो हसलासुद्धा. चार महिने सगळ्यांसमोर हसत आला होता तसाच.

ऐंशीच्या घरातले हात ते, थरथरायला लागले. माळेचे मणी एकमेकांवर वाजू लागले. एक मणी सलीलच्या केसांना टेकला आणि त्याने डोळे मिटले. आता इथे, या म्हाताऱ्या माणसापुढे, आपल्याला रडू फुटतंय की काय अशी त्याला भीती वाटली. त्याने चेहरा होता तसा सारखा केला.

...

माळ काही गळ्यात पडली नाही. त्याने डोळे उघडले, तर बुवा माळ परत खुंटीला लावत होते.

“बुवा?” त्याचा आवाज फाटला. “माझं काही चुकलं का?”

बुवा सावकाश खाली बसले. आधी एक खांदा चोळला, मग दुसरा. सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“दंड भरून आलं रं माझं,” ते म्हणाले. “तीनदा बगितलं दाबून...

बटन दाबलं जाईना.”