विचारून सांगतो

फार फार जुनी गोष्ट. एका डोंगराच्या कुशीत मोठा आश्रम होता. दूरदूरच्या गावांतली मुलं तिथे शिकायला येत. आश्रमाचे आचार्य मोठे विद्वान. राजदरबारीही त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांच्या हाताखाली एक उपाचार्य होते.

उपाचार्य आपले नावाला! मुलांची मारामारी झाली, बोलवा उपाचार्यांना. गाय दावं तोडून पळाली, बोलवा उपाचार्यांना. स्वयंपाकघरात मीठ नाही, पाहुण्यांच्या घोड्याला चारा नाही, कुणाचं पांघरूण कुणी ओढलं, सगळ्याला उपाचार्यच. मुलांना शिकवायचं मात्र राहूनच जाई.

एकदा ते वैतागून म्हणाले, "आचार्य, नवे शिक्षक निवडताना, अभ्यास ठरवताना मलाही जवळ बसवा. मी शिकेन."

"अरे, बसशील की! घाई कसली?" आचार्य हसले. "आधी तेवढं गोठ्याचं छप्पर बघ. गळतंय."

उपाचार्यांनी कपाळाला हात लावला आणि ते शिडी आणायला गेले.

पुढे एकदा त्यांनी आपल्या मनाने मुलांच्या न्याहारीची वेळ बदलली. आचार्यांनी सगळ्यांदेखत ती पुन्हा पहिल्यासारखी केली. त्या दिवसापासून उपाचार्यांचं एकच उत्तर ठरलं : "आचार्यांना विचारून सांगतो."

एका उन्हाळ्यात राजाच्या बोलावण्यावरून आचार्य राजधानीला गेले आणि इकडे समोरच्या डोंगराला वणवा लागला. शिक्षक धावत आले.

"मुलांना नदीपलीकडे न्यायचं, की इथेच थांबून भोवतीचं गवत कापायचं? लवकर सांगा!"

"आचार्यांना विचारून सांगतो," उपाचार्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. त्यांनी एका शिक्षकाला घोड्यावरून राजधानीकडे पिटाळलं.

"अहो, तो परत येईपर्यंत आग थांबणार आहे का?" स्वयंपाकीणबाई ओरडल्या.

उपाचार्य नुसते येरझारा घालत राहिले. त्यांना आचार्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. तेवढ्यात वारा फिरला. गोठ्यावर ठिणग्या पडल्या, तेव्हा कुठे ते ओरडले, "चला, सगळे नदीपलीकडे!"

मुलं वाचली, गुरंही वाचली. पण आश्रम गेला, धान्य गेलं, आणि आचार्यांनी जन्मभर खपून लिहिलेल्या पोथ्यांची राख झाली.

आचार्य परतले. ती राख पाहून ते म्हणाले, "एवढंही ठरवता आलं नाही तुला?"

"नाही आलं. चूक माझी आहेच," उपाचार्य म्हणाले. "पण इतकी वर्षं तुम्ही मला छपरावर चढवलंत; ठरवायला एकदा तरी शेजारी बसवलंत का?"

 

नव्या आश्रमाची जागा निवडण्याचं काम आचार्यांनी उपाचार्यांवर सोपवलं. उपाचार्यांनी निवडलेली जमीन भुसभुशीत निघाली. पहिलीच भिंत खचली. 'आधी मला विचारायचं होतंस,' असं आचार्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "आता काय करशील?" एवढंच विचारलं.

उपाचार्यांनी भिंत पाडली आणि थोडं वर, खडकावर नवा पाया घेतला. आचार्यांनी गोठ्याला वेगळा माणूस नेमला.

काही वर्षांनी आचार्य वारले. सगळे खूप रडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचे पाठ वेळेवर सुरू झाले.

तात्पर्य : ज्याच्या हाती उद्या कारभार द्यायचा, त्याला आजच निर्णय घेऊ द्यावा आणि चुकूही द्यावं.