बुवांची दाढी आणि मठाचं वायफाय

“आणि नाही लागलं तर?”

“नाही लागलं तर माझे केस तुमचे,” वैज्या म्हणाला. “करा टक्कल!”

बोलून गेला आणि मग त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला. कपाळावर लोळणारी झुलपं. वर्षभर तेल-पाणी घालून वाढवलेली. रविवारी मामेभावाची वरात होती, आणि वरातीत वैज्या नाचणार तो त्या झुलपांच्याच जिवावर.

मोतीगिरी बुवा हसले. “आणि लागलं तर?”

“लागलं तर तुमची दाढी जाणार.”

बुवांची दाढी बेंबीपर्यंत. टेकडीखालच्या वाडीतली माणसं आधी दाढीला नमस्कार करायची, मग देवाला.

“कधीपर्यंत?”

“आज दिवेलागणीपर्यंत. मठाचं वायफाय या डबड्यावर चालवून दाखवतो.”

“ठरलं,” बुवा म्हणाले.

हा वैज्या मठात आला कसा, तर हेडमास्तरांच्या डब्यात रबरी पाल सापडली म्हणून. आईने सुट्टी लागल्या लागल्या उचलला आणि बुवांच्या पायाशी आणून टाकला. म्हणाली, याला माणसात आणा.

आणि डबडं म्हणजे मठाचा छोटासा लॅपटॉप. नेटबुक म्हणतात त्याला. कुणा भक्ताने जुना झाला म्हणून देवाला वाहिलेला. उघडायला अर्धा तास, बंद व्हायला एक. वैज्याने आल्या आल्या त्यातलं कंपनीचं सगळं पुसलं आणि मित्राच्या पेनड्राइव्हमधलं भलतंच काहीतरी भरलं. कुणा हौशी पोरांनी घरी बसून बनवलेली सिस्टीम. डबडं पळायला लागलं हरणासारखं. फक्त वायफायचं नाव काढलं की मेल्यासारखं पडायचं.

“कंपनीचं नाही ना, मग अडणारच,” बुवा म्हणाले.

“बुवा, तुम्ही जपाचं बघा. हे माझ्यावर सोडा.”

बुवांनी जपाचं बघितलं.

बारा वाजले. मठाच्या रिवाजाप्रमाणे बुवांनी देवाला निजवलं. पडदा ओढला. घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं. कोनाड्यात हात घालून काहीतरी खुडबुड केली. वैज्याची पाठ तिकडे होती, आणि डोकं पूर्ण डबड्यात.

मोबाइलवर ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, उतरवला. वायरने डबड्यात घातला. चुकीचा निघाला. दुसरा घातला, तर डबड्याचा पडदाच उलटा झाला. वैज्याने डबडं उलटं धरून तिसरा घातला...

आणि कोपऱ्यात वायफायची खूण उगवली!

वैज्या उडालाच. पण खुणेवर टिचकी मारली, तर यादी कोरी. टेकडीवर दुसऱ्या कुणाचं वायफाय नव्हतंच, पण मठाचंसुद्धा दिसेना. बंद केलं, चालू केलं. कोरी. फुंकर मारली. कोरी.

“बुवा, तुमच्या टेकडीतच दोष आहे!”

“असेल,” बुवा म्हणाले.

चारला घंटा वाजली. देव उठला. यादी कोरीच.

ऊन उतरलं. बुवांनी वस्तरा काढला आणि सहाणेवर लावत बसले. खस्स... खस्स... वैज्याच्या डोक्याला आधीच गार वाटायला लागलं.

मग त्याला ती युक्ती सुचली.

खिशातल्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं. नाव मठाच्या वायफायचं, पासवर्डही तोच. डबड्याने झडप घातली. लागलं!

“बुवा! या! लागलं! काय बघणार? भजन?”

“कुस्ती लाव.”

“कुस्ती?”

“मग काय, मी जन्मतःच बुवा होतो?”

कुस्ती लागली. बुवा मांडी ठोकायला लागले. एका पैलवानाने दुसऱ्याला कमरेत धरला, उचलला, डोक्यावर घेतला...

तेवढ्यात वैज्याचा खिसा वाजला. आईचा फोन.

पैलवान हवेतच थांबला.

वैज्याने पटकन फोन कापला. पैलवान धप्पकन आपटला.

पुन्हा फोन. नवा पैलवान हवेत. कापला. आपटला.

बुवांनी दाढीवरून हात फिरवला. “वैजनाथा, तुझ्या आईचा फोन आला की पैलवान का रे थांबतो?”

“ते... नेट स्लो आहे.”

“आई माउली असते खरी. पण पैलवानाला अधांतरी धरण्याइतकी?”





खिसा तापलेला. मांडी भाजत होती...

“माझ्या मोबाइलचं आहे,” वैज्या शेवटी म्हणाला. “नाव बदललं फक्त. मठाचं नाही लागलं, बुवा. हरलो मी.” त्याने खिशातून मोबाइल काढला, हॉटस्पॉट बंद केलं आणि मान खाली घातली. “करा. पण कानामागचं जपून, गुदगुल्या होतात.”

झुलपं जमिनीवर टेकली. वाट पाहिली.

वस्तरा काही लागेना.

वैज्याने एक डोळा उघडला. बुवा कोनाड्यापाशी होते. त्यांनी आत हात घातला, खट्ट केलं. कोनाड्यातल्या वायफायच्या खोक्यावर हिरवा दिवा लागला.

डबड्यावरचा पैलवान उठून उभा राहिला.

वैज्याने मोबाइल बघितला. हॉटस्पॉट बंदच. डबडं बघितलं. कोनाडा बघितला.

“म्हणजे... दुपारपासून माझं बरोबरच होतं?”

“हं.”

“आणि खोकं बंद होतं?”

“देव निजला की मठात सगळेच निजतात. घंटा, पडदा, खोकं.”

वैज्याने डोकं खाजवलं. झुलपं जागच्या जागी होती. मग एकदम त्याची ट्यूब पेटली.

“ओ बुवा! पण देव तर चारला उठला! घंटा ऐकली की मी! मग खोकं का नाही उठवलंत?”

बुवा सावकाश येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसले. वस्तऱ्याची मूठ वैज्याच्या हातात दिली. हनुवटी वर केली, डोळे मिटले.

“देव उठला रे,” ते म्हणाले. “मीच दाढीत अडकलो होतो... लाव साबण.”