पुंजारामने आत आणलेलं ऊन

शुद्धलेखन चुकलं असेल तर आधीच माफी मागतो. शाळा सहावीत सुटली, तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं पटत नाही. शब्दही साधेच आहेत. पण ज्याची ही गोष्ट आहे त्या पुंजारामला तर बोलायचंच जमत नसे, तेव्हा निभावून घ्या.

धामणखेडच्या गजेंद्ररावमहाराजांनी हट्ट धरला होता : अक्षय्य तृतीयेच्या आत हत्तीखान्याची भिंत उभी राहिलीच पाहिजे! त्यात चैत्रातच असं ऊन पेटलं की कावळे झाडावरून खाली पडू लागले. तरी काम भर दुपारीही चालूच. भिंतीवर माणसं रोज भोवळ येऊन कोसळत. बाया त्यांना ओढून कडुनिंबाखाली नेत, ओलं फडकं डोक्यावर ठेवत, घोट घोट पन्हं पाजत. एके दिवशी कोसळली ती भिवराबाई. पुंजारामची आत्या. लहानपणापासून त्याला तिनंच वाढवलं होतं.

पुंजाराम महालाच्या दिवाणखान्यात दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं काम करी. पडदे ओले, वारा गार, महाराज खूश! तीन वर्षांत तो महाराजांशी एकच शब्द बोलला होता : "जी." त्या दिवशी मात्र त्यानं झरोक्यातून आत्याला पडताना पाहिलं आणि तोंड उघडलं. आवाज निघाला तो तेल न घातलेल्या बिजागरीसारखा.

"महाराज, दुपारचं काम थांबवा जी. ऊन फार आहे."

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं.

"ऊन? कुठं आहे ऊन? मला तर गार वाटतंय!"

"बाहेर आहे जी."

"मग आत आणून दाखव!" महाराज मांडीवर थाप मारून म्हणाले. "उद्या दुपारी, इथं, माझ्यासमोर! चूल नको, शेगडी नको, मशाल नको. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही. आणलंस तर मागशील ते देईन. नाही आणलंस, तर तूही भिंतीवर टोपली उचल आत्याच्या शेजारी!"

"जी," पुंजाराम म्हणाला. सवयीनं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हो म्हणून बसलो.

संध्याकाळी आत्याला शेजारणींनी घरी आणून बाजेवर निजवलं होतं. एक वारा घालत होती, एक पाणी पाजत होती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तीन वर्षं तोंड मिटून होतास ना? मग आजच कशाला उघडलंस, येड्या?"

"तू पडलीस म्हणून."

आत्यानं त्याचा हात थोपटला. मग म्हणाली, "उद्या मी कामावर जाणार बघ. नाव कापतील नाहीतर."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अक्कल लढवली. तांब्याची घागर अंगणात उन्हात ठेवली, चांगली तापल्यावर झाकण लावलं आणि धावत आत आणली. झाकण काढलं. आतून एक पाल निघाली आणि दिवाण त्र्यंबकपंतांच्या मांडीवर चढली. दरबार खो खो हसला. पंत ओरडले, "महाराज, हे ऊन चार पायांचं आहे!"

दुपार झाली. पुंजाराम बादली घेऊन झरोक्याशी उभा राहिला. बाहेर आत्या टोपली उचलत होती. एक पाऊल टाकी, थांबे, पुन्हा एक टाकी. पुंजाराम तिच्याकडे बघत राहिला, आणि पडद्यांवर पाणी मारायचं साफ विसरला. घटकाभरात वाळा कडकडीत सुकला. गरम झळा आत शिरल्या. महाराजांची पगडी घामानं घसरली. पंतांनी मिशांना लावलेलं मेण वितळलं आणि पीळ दिलेल्या मिशा ओठांवर लोंबल्या.

"पुंज्या! गाढवा!" महाराज गरजले. "भट्टी पेटवलीस की काय?"

पुंजाराम दचकला. हात बादलीकडे गेला. तोंडातून "चुक..." एवढं निघालं आणि अडकलं. त्यानं महाराजांच्या घामाकडं पाहिलं. पंतांच्या मिशांकडं पाहिलं. मग हळूच बादली खाली ठेवली.

"ऊन आलंय जी."

"काय?"

"तुम्ही मागितलं होतं ना, ते."

महाराजांनी कोपरे तपासले. ना चूल, ना शेगडी, ना मशाल. "आणलंस कसं?"

"आणलं नाही जी. तीन वर्षं रोज दारात अडवत होतो. आज अडवलं नाही."

"खोटं!" पंत उसळले. "हा पाणी मारायला विसरला, महाराज! कामचुकार!"

"विसरलोच पंत!" पुंजाराम म्हणाला. आज बिजागरी कुरकुरली नाही. "माझी हुशारी कसली त्यात? पण मी घटकाभर विसरलो तर तुमच्या मिशा उतरल्या. भिंतीवरच्या माणसांना तर सगळा दरबारच विसरलाय!"

महाराजांनी पंतांच्या मिशांकडं पाहिलं, गाल फुगवले, आवरायला पाहिलं, आणि मग असे खदाखदा हसले की पगडी पार खाली घरंगळली!

"हरलो! बोल, काय देऊ?"

"ऊन चढल्यापासून कलेपर्यंत काम बंद जी. आणि जुने पडदे द्या, भिंतीपाशी मांडव घालतो."

"जुने कशाला? हेच काढून ने! भिंत आषाढात होईल तर होईल. आणि मांडवाच्या पडद्यांवर पहिले चार दिवस पाणी मारतील..." महाराजांनी डोळे पुसले, "त्र्यंबकपंत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामनं भिंतीपाशी पडदे बांधले, रांजण भरले, पंतांच्या हातात बादली दिली, आणि जिथं म्हातारी माणसं एकटी राहतात अशा घरांची दारं वाजवत निघाला. "आजोबा, डोकं झाकल्याशिवाय बाहेर पडू नका. तहान लागायची वाट बघू नका. गरगरलं तर हाक मारा, मांडव जवळच आहे." सहा घरं झाली. सातव्या दारात भिवराआत्या एका आजींना पन्हं देत बसली होती.

"आणि तुझं मुंडासं कुठंय रे, शहाण्या?"

पुंजारामनं डोक्याला हात लावला. मुंडासं घरी खुंटीवर होतं. आत्यानं पंचा पाण्यात बुडवला आणि न पिळताच त्याच्या डोक्यावर थापला. मग नाकावरून, कानांवरून पाणी गळत असतानाच त्यानं आठवं दार वाजवलं.